शेवटी जेवणारीचं ताट

ताट वाढायची आपली एक शिस्त आहे. सगळ्यात आधी वरच्या कडेला चिमूटभर मीठ, त्याच्या शेजारी लिंबाची फोड. मग डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तुपाची धार. लग्नामुंजीच्या पंगतीत आम्हा मुलींच्या हाती पहिल्यांदा यायचं ते मीठ-लिंबाचं तबक. वाढायला सोपं, सांडायची भीती नाही. वाकून वाकून एकेका पानात फोड ठेवत जायचं, आणि बोटांना तो वास संध्याकाळपर्यंत राहायचा.

त्या फोडीचं काम चवीपुरतं नाही, हे मला पुष्कळ पुढे कळलं. डाळी, कडधान्यं, बाजरी, पालेभाज्या या सगळ्यांत लोह असतं. पण वनस्पतींतलं लोह आपलं आतडं सहजासहजी आत घेत नाही. धान्याच्या कोंड्यातलं फायटिक आम्ल त्याला घट्ट धरून ठेवतं. पोटात गेलेल्या लोहातला अगदी थोडा भाग रक्तापर्यंत पोचतो, बाकीचं आलं तसं निघून जातं. अशा वेळी लिंबातलं क जीवनसत्त्व मदतीला येतं. ते लोहाचं रूप पालटतं, आतड्याला उचलता येईल असं ते विरघळतं ठेवतं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं की त्याच उसळीतून अंगी लागणारं लोह वाढतं. मटकीला मोड आणलेले असतील तर त्या दोन दिवसांत फायटिक आम्लही कमी झालेलं असतं. उसळ लोखंडी कढईत शिजली आणि तिच्यात आमसूल पडलं, तर कढईच्या अंगचं थोडं लोहही रश्श्यात उतरतं. आमच्या घरची कढई अशी होती. तिच्यातली भाजी जरा काळसर व्हायची आणि आम्ही नाकं मुरडायचो.

पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांनी चव पाहिली, परवडेल ते पाहिलं, ऋतू जे देईल ते घेतलं. पण पिढ्यान् पिढ्या चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या हातांनी जे जुळवून आणलं, ते पाहिलं की मला त्या हातांविषयी फार प्रेम वाटतं. भोगीचा दिवस आठवून पाहा. पौषातली थंडी, तीळ थापलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, आणि शेजारी ती भोगीची मिसळीची भाजी: वांगी, गाजर, पावटे, सोलाणे, शेंगदाणे, तिळाचं कूट. बाजरीत लोह, तिळात कॅल्शियम, लोण्यात अ जीवनसत्त्व, सोलाण्यात प्रथिनं आणि फोलेट. वर तोंडात टाकायला आंबटगोड बोरं. एका ताटात थंडीचे महिने निभावायची अशी तयारी असते.

आणि पावसाळा. पहिल्या सरींनंतर ठाण्या-पालघरकडच्या आदिवासी बाया रानभाज्यांचे वाटे घेऊन दादरच्या बाजारात येऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं. प्रत्येक भाजीची कोवळीक वेगळी, निवडायची रीत वेगळी, खाजरी कुठली आणि तिला आंबट काय लावायचं याचं गणित वेगळं. ते गणित त्या बायांच्या तोंडी असतं. विचारलं तर त्या जुडी बांधता बांधता आनंदानं सांगतात. शेवग्याचा पाला, अंबाडी, आळू, तांदुळजा, चाकवत, मेथी: हिरव्या रंगाची एवढी नावं ज्या भाषेत रोजच्या बोलण्यात आहेत, त्या भाषेतल्या बायकांचं रक्त फिकं असावं, ही गोष्ट माझ्या मनाला सतत टोचते.

रक्ताचा हिशोब तसा फार मोठा नाही. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात लोह असतं तीन ते चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं बहुतेक लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं. श्वासातला प्राणवायू उचलून तो डोळ्यापर्यंत, हातापर्यंत, पोटातल्या गर्भापर्यंत पोचवायचं काम या एवढ्याशा धातूचं. शरीर त्याला जीवापाड जपतं. जुन्या पेशी मोडून त्यातलं लोह पुन्हा वापरतं, सहसा बाहेर टाकत नाही. बाईच्या बाबतीत मात्र दर महिन्याला काही लोह वाहून जातं. गरोदरपणात गर्भ आपला वाटा घेतो, बाळंतपणात रक्त जातं. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यांत प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि प्रौढ बाईला २९.

हे दोन आकडे मी एका कागदावर लिहून बराच वेळ पाहत बसले होते. पुरुषाचं जेवण बाईपेक्षा जास्त, हे आपण गृहीत धरलेलं असतं. भाकऱ्या त्याला जास्त लागतही असतील, कष्टाची ऊर्जा हवी असते. पण लोहाच्या बाबतीत तिची गरज त्याच्या दीडपट आहे. म्हणजे भाकरी एक कमी असली तरी तिच्या ताटात उसळ जास्त हवी, पालेभाजी जास्त हवी, मासळी असेल तर तिचा तुकडा मोठा हवा, कारण मासळी-मटणातलं लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं. आणि आपल्या घरांत नेमकं याच्या उलट घडत आलं आहे.

माझ्या आजीची लालबागला खाणावळ होती. खाणावळ म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, दोन शेगड्या, पितळी पातेली आणि जेवायला येणारे कोकणातले गिरणी कामगार. घर गावाकडे, आपण इथे एका गाळ्यात दहा-बाराजण, आणि जेवण खाणावळीत. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी डबे तयार हवेत. पहिली पाळी सुटली की ती माणसं जेवायला येणार, दुसरी पाळी सुटल्यावर मध्यरात्री दुसरी येणार. भात, भाकरी, माशाची आमटी, कधी काळ्या वाटाण्याची, कधी सुकट. आजीच्या हाताला चव होती, आणि रश्श्यातला तुकडा प्रत्येकाच्या वाटणीला सारखा येईल असा तिचा डाव चालायचा.

ती स्वतः कधी जेवायची? सगळे उठल्यावर. उरलं असेल ते. बहुतेकदा भात असायचा, आमटी असायची, तुकडा संपलेला असायचा, पालेभाजी संपलेली असायची. कढईला लागलेलं भाकरीनं पुसून घ्यायचं आणि वर पाणी प्यायचं. मधल्या वेळेत भूक लागली तर चहा. दिवसभरात किती कप व्हायचे त्याला गणती नव्हती. चहा भूक मारतो आणि त्यातली टॅनिनं जेवणातल्या लोहाला बांधून टाकतात. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेतलेला कपभर चहा त्या जेवणातलं लोह बरंचसं वाया घालवतो. आजीला हे कोण सांगणार? तिला चहानं तरतरी यायची, आणि तेवढ्या तरतरीवर पुढची पाळी निभावायची असायची.

जिना चढून आली की ती कठड्याला धरून उभी राहायची. तांदूळ निवडता निवडता कच्चे दाणे तोंडात टाकायची, मूठमूठ. घरात सगळे ती तिची सवय म्हणून सोडून द्यायचे. लोह कमी पडलं की माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. आमच्या चाळीत कितीतरी बायका निवडताना तांदूळ खायच्या. कितीतरीजणींच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली कड पांढरट असायची. ‘अंगात रक्त नाही’ हे वाक्य तर इतक्या सहज बोललं जायचं की त्यात तक्रार ऐकूच यायची नाही.

त्या चाळीपासून पायी जाता येईल अशा अंतरावर हाफकिन संस्था आहे. परळला, आचार्य दोंदे मार्गावर, जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या इमारतीत. प्लेगच्या लशीसाठी ती सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे आणखी एक गोष्ट घडली, आणि ती गिरणगावातल्या बायकांच्या रक्ताची गोष्ट आहे.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गरोदर बायकांना, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना, एक जबर पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होत असे आणि त्यात पुष्कळजणी दगावत. गिरणीत बायका बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. हवेत कापसाचे तंतू, दिवसभर उभं राहणं, घरी चूल, पोटात मूल. या बायकांच्या रक्तातल्या लाल पेशी संख्येनं कमी आणि आकारानं मात्र फुगलेल्या दिसत. साधा लोहाचा अभाव असता तर पेशी लहान दिसल्या असत्या. जंतूंचा हा परिणाम असेल का, हेही विल्स यांनी पाहिलं. मग त्या आजारी बायकांच्या ताटाकडे वळल्या. कुठल्या घरात काय शिजतं, बाईच्या वाट्याला काय येतं, दूध मिळतं का, फळं, भाज्या मिळतात का, याची त्यांनी चौकशी मांडली. हा पंडुरोग जास्त सापडला तो गरिबातल्या गरीब घरांत, जिथे हे सगळं जवळजवळ नव्हतंच.

मला विल्स यांच्या कामातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहणारी माणसं तेव्हाही होती. बाईनं काय खाल्लं असं विचारणारी माणसं दुर्मीळ होती, आणि आजही आहेत.

पुढे त्यांनी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. त्या बायका खात तसा आहार प्राण्यांना दिला, तोच पंडुरोग उभा राहिला. एकेक पदार्थ देऊन पाहिला. शेवटी गुण आला तो मार्माइटनं, म्हणजे यीस्टच्या अर्कानं. बिअर गाळून झाल्यावर खाली उरणाऱ्या यीस्टचा तो काळपट, खारट लगदा, किमतीला स्वस्त. तो दिल्यावर बायकांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, त्यांना भूक लागू लागली, चेहऱ्यांवर रंग आला. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्या अर्कात नेमकं काय आहे ते तेव्हा कळलेलं नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला ‘विल्स घटक’च म्हणत.

दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञांनी चार टन पालकाची पानं पिळून त्यातून एक आम्ल अलग काढलं: फोलिक आम्ल. पुढे उलगडलं की विल्स शोधत होत्या ते हेच. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचा एक भाऊ तरुणपणी स्प्रू या आतड्याच्या आजारानं गेला होता, आणि फोलिक आम्ल त्याच स्प्रूवरही गुणकारी ठरलं. परळच्या गिरणीतल्या बायकांपासून निघालेली वाट एका तेलुगू माणसाच्या हातून गोळीपर्यंत पोचली. आज गरोदर बाईच्या हातात जी लोह आणि फोलिक आम्लाची लाल गोळी पडते, तिच्यामागे गिरणगावातल्या त्या अनाम बायकांचं रक्त आहे. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. ती असावीत असं मला मनापासून वाटतं.

फोलेटचं मोल पुढे आणखी वाढलं. पेशी दुभंगून नवी पेशी होताना जो डीएनए नव्यानं लिहावा लागतो, त्यासाठी ते लागतं. गर्भाचा पाठीचा कणा पहिल्या चार आठवड्यांत मिटतो, तोवर बाईला आपल्याला दिवस गेलेत हे कळलेलंही नसतं. त्या वेळी फोलेट कमी असेल तर कणा उघडा राहण्याचा धोका वाढतो. ज्या बायकांना आधी असं बाळ झालं होतं, त्यांना पुढच्या खेपेला आधीपासून फोलिक आम्ल दिलं तर हा दोष सुमारे ७२ टक्क्यांनी टळतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मधल्या मोठ्या चाचणीनं दाखवून दिलं. हे फोलेट एका पानात असतं. मेथीच्या, पालकाच्या, चवळीच्या. फक्त ते नाजूक असतं. भाजी फार वेळ उकळली, पाणी ओतून दिलं, की फोलेट त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. म्हणून पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि तेलावर झटपट परतावी.

पालकाविषयी एवढंच सांगायला हवं की तो लोहासाठी जितका नावाजला गेला, तितका त्यासाठी उपयोगी नाही. त्यातलं लोह अंगी फार थोडं लागतं. फोलेटसाठी मात्र तो उत्तम. गुळाचंही तसंच. गुळात लोह असतं, पण रक्त वाढवण्याइतका गूळ खायचा म्हटला तर साखरेनं आधी दुखणं यायचं. गूळ-शेंगदाण्यावर भिस्त ठेवून हिमोग्लोबिन आठ असलेल्या पोरीला घरात बसवून ठेवणारे आईबाप मी पाहिले आहेत. आठच्या खाली-वर घुटमळणारं रक्त ताटानं लवकर भरून येत नाही, तिथे औषधच लागतं. ताटाचं काम ते पुन्हा ओसरू न देण्याचं.

अन्नाचं बळही काही कमी नाही. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लोह जास्त असलेला बाजरीचा एक वाण निवडीतून तयार केला. ‘धनशक्ती’ त्याचं नाव, २०१२ मध्ये तो आधी महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांतल्या बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना दिवसातून दोनदा खायला देऊन अभ्यास झाला. ज्यांच्या अंगी लोह कमी होतं, त्यांच्यात सहा महिन्यांत फरक पडला. साधी बाजरी खाणाऱ्या मुलांपेक्षा त्यांची कमतरता भरून येण्याची शक्यता दीडपटीहून अधिक ठरली. औषध नाही, गोळी नाही, फक्त भाकरी. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या भाकरीचा तव्यावर फुगलेला पापुद्रा दिसला.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या आजीसारख्याच खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजातून सुटायला बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका, त्यांच्या श्रमाला त्या दिवसापर्यंत कुणी काम म्हटलं नव्हतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, जेवणारे गावी गेले, आमची खाणावळही बंद झाली. भोंगे गेले, चाळींच्या जागी टॉवर आले. शेवटी जेवायची रीत मात्र त्या टॉवरच्या विसाव्या मजल्यापर्यंत लिफ्टनं चढून गेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायका त्यात आहेत. गरिबी हे कारण खरंच, आणि जंत, वारंवारची बाळंतपणं, अंगावरचं जास्त जाणं ही कारणंही खरीच. पण एकाच घरात, एकाच चुलीवर शिजलेलं खाऊन नवऱ्याचं रक्त चौदा आणि बायकोचं नऊ येतं, तेव्हा फक्त पाळीकडे बोट दाखवून भागत नाही. तिची गरज दीडपट असताना तिच्या पानात काय पडलं, हेही विचारायला हवं.

मी माझ्या घरात एक पद्धत पाडली आहे. सगळे एकदम बसतो. भाकऱ्या आधी करून डब्यात ठेवते, गरम भाकरीचा हट्ट कुणीच धरत नाही. उसळीचं पातेलं मधे असतं, आणि माझ्या सुनेच्या पानात पहिला डाव पडतो. सुरुवातीला ती संकोचायची. ‘आई, आधी त्यांना वाढा,’ म्हणायची. आता म्हणत नाही. चहा आम्ही जेवणानंतर तासाभरानं करतो.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुमच्या घरातली जी बाई रोज शेवटी जेवते, आई, बायको, सून, कामाला येणारी मावशी, तिचं हिमोग्लोबिन या महिन्यात तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्याही तिथे मिळतात. आकडा १२ च्या खाली आला, गरोदर असेल तर ११ च्या खाली आला, तर तो रक्तक्षय आहे. गोळ्यांनी मळमळ होते, शौचाला काळं होतं, म्हणून बायका त्या मधेच सोडतात. काळं होणं हे त्या लोहामुळेच, त्याची भीती नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. गोळी चहा-दुधाबरोबर देऊ नका. डॉक्टर सांगतील तितके महिने ती रोज तुमच्या हातानं द्या. आणि आजपासून तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा.